माझ्या परांचीवर पट्टा चालत नाही

मी त्याला मारलं ते तिसऱ्या माळ्यावर, बांबूवर उभं राहून, सगळ्यांच्या देखत. उजव्या हातानं, कानाखाली. त्याची पिवळी टोपी उडाली आणि खाली वाळूच्या ढिगावर जाऊन पडली. तो माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. तीस वर्षं माझ्याबरोबर परांच्या बांधत होता. पंचावन्न उलटलेला माणूस, नातू शाळेत जातो त्याचा. त्याला मी पोरासारखं मारलं. गुन्हा एवढाच, की त्यानं कमरेचा पट्टा माझ्या बांबूला अडकवला.

त्यानंतर तासाभरात तो पडला.

ह्यातलं निम्मं मी सगळ्यांना सांगून बसलोय. पोलिसांना सांगितलं, बायकोला सांगितलं, नाक्यावर सांगितलं. उरलेलं निम्मं त्याचं त्यालाच सांगायचं होतं. त्यासाठी मला आठ महिने लागले. तीनमजली उंचीवर मला कधी भीती वाटली नाही, पण ह्या गोष्टीची वाटली.

परांची म्हणजे इमारतीच्या अंगाला बांबूचा सांगाडा बांधतात ती. गवंडी, रंगारी सगळे तिच्यावर उभे राहून काम करतात. ती बांधायला मला वस्तादानं शिकवलं, फणसवाडीत. शिकवलं म्हणजे मारलं. काथ्याची दोरी आधी भिजवायची आणि ओलीच बांधायची, म्हणजे सुकताना ती आवळत जाते. कोरडी बांधलेली दिसली की वस्ताद तीच दोरी सोडायचा, बादलीत बुडवायचा आणि पाठीवर हाणायचा. मी तिसरीत मास्तरांना पाटी फेकून मारली होती आणि तिथंच माझी शाळा संपली होती. वस्तादाला मात्र मी कधी उलटून बोललो नाही. कारण तो मारायचा ती चूक खरी असायची.

आणि परीक्षा? ती पण झाली. एका दुपारी त्यानं मला दुसऱ्या माळ्यावर एक आडवा बांबू बांधायला लावला. म्हणाला, “बस त्याच्यावर.” मी बसलो. मग तो शेजारी येऊन बसला, आणखी दोन गडी बसवले, आणि म्हणाला, “आता चौघं मिळून हिसके द्या.” आम्ही बसल्या जागी हिसके देत होतो आणि खाली रस्त्यावरून लोक वर बघत चालले होते. गाठ सुटली असती तर चौघंही गेलो असतो. सुटली नाही. खाली उतरल्यावर वस्तादानं मला चहा पाजला. झालं माझं सर्टिफिकेट.

तेव्हापासूनची आमची रीत अशी, की ज्यानं बांधली त्याच्या परांचीवर दुसरा चढतो तो मोकळ्या अंगानं. पट्टा लावणं म्हणजे बांधणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. तुझी गाठ मला पसंत नाही, असं सांगणं. वस्तादाच्या हाताखाली एकानं असा कमरेला दोर बांधला होता, तर वस्तादानं त्याला त्याच दोरानं खांबाला बांधून जेवणाच्या सुट्टीभर उन्हात ठेवला. आम्ही हसलो होतो. मी जास्त हसलो होतो.

मागच्या साली लालबागला एका जुन्या चार माळ्यांच्या चाळीचं दुरुस्तीचं काम लागलं. कंत्राटदाराला आम्ही शेठ म्हणायचो. त्यानं एक दिवस सकाळी सगळ्यांना गोळा केलं.

“सोमवारपासून कार्ड नाय त्याला गेट नाय,” शेठ म्हणाला. “वडाळ्याला ट्रेनिंग आहे. पाच दिवस, फुकट. शेवटी परीक्षा, मग सर्टिफिकेट, मग कार्ड.”

“परीक्षा कोण घेणार?” मी विचारलं.

“असेल कोणी तरी साहेब.”

“चढलाय का तो कधी?”

“मिस्त्री, सकाळी सकाळी डोकं खाऊ नका. मला पण हौस नाय. वरून आलंय. फाइलीत सर्टिफिकेट नसलं तर पुढचं काम देत नायत.”

“म्हणजे काम फाइल करणार?”

सगळे हसले. एका रंगाऱ्यानं विचारलं, “कार्डवाल्याच्या हजेरीचे पैसे वाढणार का शेठ?”

“हजेरी तीच. गेट उघडेल.”

माझ्याइतकाच शेठचाही त्या कार्डावर विश्वास नव्हता. फरक एवढाच, की मी ते तोंडानं बोलायचो. आमच्यातले कोणी कसे, कोणी कसे. प्लास्टरवाला बिहारचा होता, तो पहिल्या दिवशीच गेला. मला म्हणाला, “चाचा, दुबई का एजंट हाथ नहीं देखता, कार्ड देखता है.” त्यानं कार्डाला प्लास्टिक चढवून घेतलं आणि रात्री उशीखाली ठेवायचा. आमचा लादीवाला पण गेला. बावीस वर्षं लाद्या बसवतोय, गुडघ्यांना घट्टे पडलेत. त्याच्या कार्डावर छापून आलं, ‘सहायक’. त्यानं सगळ्यांसमोर कार्डाचे तुकडे केले आणि मोरीत टाकले. वर त्या मोरीला लाथ घातली. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

मी गेलो नाही. सोमवारी गेटवर वॉचमननं माझ्या छातीला हात लावला. “कार्ड?” माझ्या हातात हातभर लांबीचा बांबूचा तुकडा होता. मी तो त्याच्या नडगीवर दिला. तो बसला खाली, मग उठून माझ्या गळ्याला आला, दोघं सिमेंटच्या गोणींवर पडलो, माझा एक दात हलला. शेठ धावत आला.

“सोड रे त्यांना! मिस्त्रींचं कार्ड झालंय!”

“माझं? मी तर घरी होतो,” मी म्हणालो.

त्यानं खिशातून कार्ड काढलं. माझा आधारवरचा फोटो, माझं नाव, खाली ‘परांची, कुशल’. “तुम्ही नका त्रास घेऊ. मी पास करून आणलं तुम्हाला.”

मी त्या कार्डावर थुंकलो. रक्त होतं तोंडात, ते लागलं. त्यानं रुमालानं पुसून ते परत खिशात घातलं, फाइलीसाठी. आणि मी आत गेलो. ह्यात माझाही दोष आहे. कार्डावर थुंकलो, पण त्याच कार्डानं उघडलेल्या गेटातून गेलो.

मेव्हणा मात्र त्याच आठवड्यात खरंच वडाळ्याला गेला. पाचही दिवस. मला न विचारता. रविवारी तो गिरगावातून आमच्या खोलीवर आला, बहिणीला कार्ड दाखवायला. तिनं ते गणपतीच्या तसबिरीसमोर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. आयुष्यात त्याला कोणी कसलं प्रमाणपत्र दिलं नव्हतं, नववी नापास. मी जेवत होतो.

“काय शिकवलं रे वडाळ्याला?” मी विचारलं. “चालायला?”

“पट्टा शिकवला भावोजी. हूक आपल्या डोक्याच्या वर लावायचा. उभ्या बांबूला.”

“कोणी शिकवलं?”

“एक मॅडम होती.”

“मॅडम!” मी म्हणालो. “तीस वर्षं मी शिकवलं ते गेलं कुठं मग?”

“चांगलं सांगत होती पण. हसू नका.”

मी हसत नव्हतो. मी ताट भिरकावलं. आमटी भिंतीवर गेली. बायको म्हणाली, “गप रवा, गप रवा,” आणि तो उठून गेला. पण जाताना कार्ड घेऊन गेला आणि त्याच्यावरचं कुंकू पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिसऱ्या माळ्यावर आला, टोपी घालून, पट्टा बांधून. मी बांधलेल्या उभ्या बांबूला त्यानं हूक लावला. कट् असा आवाज आला. गवंडी बघत होते, बिहारी बघत होता, गॅलरीतून बायका बघत होत्या.

“काढ,” मी म्हणालो.

“भावोजी, असू दे ना. तुमच्या गाठीचं काय नाय. सवय करतोय.”

“माझ्या परांचीवर पट्टा चालत नाही. काढ.”

“आणि नाय काढला तर?”

तेव्हा मी मारलं. तो एका हातानं बांबूला धरून होता म्हणून राहिला, नाहीतर तेव्हाच गेला असता. गाल लाल झाला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि हूक काढला. पट्टा कमरेलाच राहिला, हूक मोकळा लोंबत राहिला.

आता पुढचं.

परांचीचा नवा टप्पा चढवताना मी प्रत्येक बांबू वाजवून घेतो. कोयत्याच्या पाठीनं तीन ठिकाणी ठोकायचा. चांगला बांबू टण्ण वाजतो. भुंग्यानं आतून पोखरलेला असला तर बद्द वाजतो. वरून दोन्ही सारखे दिसतात, पिवळे, गुळगुळीत. हे वस्तादाचं नाही, माझं स्वतःचं आहे, मी अनुभवानं लावून घेतलं. चाळीस वर्षांत न वाजवता मी एक बांबू बांधला नव्हता. त्या दिवशी शेठनं दुसऱ्या साइटवरचे जुने बांबू आणून टाकले होते, म्हणजे तर वाजवायलाच हवे होते. पण डोक्यात राग होता. त्याला मारलं त्याचा राग, त्यानं निमूट ऐकलं त्याचाही राग. मी नुसते बांधत सुटलो. कोयता कमरेलाच होता. एकही बांबू वाजवला नाही.

एका आडव्यावर मेव्हण्यानं फळी टाकली आणि तो पुढे सरकला. बांबू मधोमध मोडला. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. त्यानं आधी हिरवी जाळी फाडली, मग खालच्या दुकानाच्या पत्र्यावर आदळला, पत्र्यावरून रस्त्यावर. मी खाली बघितलं. मांडीचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. हात पाठीखाली गेला होता, नको त्या बाजूला. बायका किंचाळत होत्या.

आणि मी काय केलं? मी आधी त्या मोडक्या बांबूची टोकं बघितली. दोन्ही टोकांना माझ्या गाठी जशाच्या तशा. मी वरून ओरडलो, “गाठ सुटलेली नाही! बघा, गाठ सुटलेली नाही!” तो खाली रक्तात पडलेला आणि मी तिसऱ्या माळ्यावरून हे ओरडत होतो. दोनदा ओरडलो.

त्याला परळच्या हॉस्पिटलात नेलं. जिन्यातच बायकोला भेटलो. लपवण्यातला मी नव्हे. म्हणालो, “मी त्याला मारलं आणि पट्टा काढायला लावला.” तिनं दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधी हात उचलला नव्हता. मारता मारता तिच्या दोन बांगड्या फुटल्या, एक काच माझ्या गळ्यात घुसली. “माझा भाव! माझा भाव!” एवढंच म्हणत होती. मी उभा राहिलो. बांबूचं सांगितलं नाही.

दोन दिवसांनी शेठनं मला बोलावलं. त्याच्या टेबलावर ती फाइल होती.

“मिस्त्री, सरळ आहे. तो सर्टिफाइड, तुम्ही सर्टिफाइड. ट्रेनिंग घेतलेल्या माणसानं स्वतः पट्टा काढला, त्याला आपण काय करणार? तुम्ही पण तेच बोला. सगळे सुटतो.”

“आणि जुने बांबू?”

“कुठले जुने बांबू? ते गेले पण जाळायला.”

मी टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. नाकाचं हाड गेलं त्याचं. फाइलीवर रक्त पडलं, सर्टिफिकेटं लाल झाली. दोघातिघांनी मला धरून बाहेर आणलं, माझ्या बरगड्यांत गुद्दे घातले. मी तिथूनच चौकीत गेलो.

हवालदार म्हणाला, “काका, तुम्हाला कोणी बोलावलंय का?”

“नाही. मीच आलोय. लिहून घ्या.”

“अहो, त्या पडलेल्या माणसाचा जबाब झाला. पट्टा स्वतः काढला म्हणालाय. तुमचं पण कार्ड आहे इथं. पास झालायत तुम्ही.”

“ते कार्ड खोटं. मी तिसरी नापास. मी कुठंही पास झालेलो नाही. पट्टा मी काढायला लावला. मारून.”

त्यानं पेन खाली ठेवलं, परत उचललं. मग लिहून घेतलं. मी सही केली. बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, मी केवढं मोठं काम केलं. मान ताठ करून चालत गेलो लालबागपर्यंत. शेठला आत घेतलं, माझ्यावरही केस लागली, ती अजून चालू आहे. काम बंद पडलं. मग आमच्याच टोळीतल्या दोघांनी मला नाक्यावर गाठून मारलं, चुली बंद केल्यास म्हणून. त्यांचंही बरोबर होतं. पण मी त्यांना म्हणालो, “मारा, खरं बोललोय मी.” आणि मनात माहीत होतं, की मी निम्मंच खरं बोललोय. मारलं, पट्टा काढायला लावला, हे सांगताना माझा माज शाबूत राहत होता. कडक मिस्त्री, गाठीचा पक्का, रागाचा वाईट. बांबू वाजवला नाही हे सांगितलं असतं तर मिस्त्रीच उरला नसता.

हॉस्पिटलात मेव्हण्याला भेटायला गेलो. पाय वर टांगलेला, हाताला सळ्या. मी म्हणालो, “मी चौकीत सगळं सांगितलं. मला वाचवायला खोटं बोलायची तुला गरज नव्हती.”

त्याच्या चांगल्या हाताशी स्टीलचा पेला होता. तो त्यानं फेकला. माझी भुवई फुटली.

“मी मुकाट्यानं स्वतःवर घेतलं होतं,” तो म्हणाला. “बहिणीचं घर राहू दे म्हणून. मला खोटा पाडलंत चौकीत. तिथं पण तुमचंच खरं करायचं होतं?”

“अरे...”

“जावा. कार्ड काढून या आधी. खरं कार्ड, वडाळ्याचं. मग तोंड दाखवा.”

दुसरा कोणी बोलला असता तर मी त्याचा टांगलेला पाय ओढला असता. मी घरी आलो. सहा महिने धुमसलो. मग गेलो वडाळ्याला.

ती मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. शाळेचा हॉल, लोखंडी चौकट, जमिनीपासून चार फूट. “आजोबा, पट्टा लावून चढा.” चार फुटांवर! आजूबाजूचे गडी दात काढत होते. एकाकडे मी असं बघितलं की त्याचे दात आत गेले. पट्टा लावला. हूक डोक्याच्या वर. पाच दिवस केलं. शेवटच्या दिवशी मोबाइलवर चित्रं दाखवून प्रश्न विचारले. एक प्रश्न होता, बांबू वापरण्याआधी काय कराल? मॅडमनं वाचून दाखवला. चार उत्तरं होती. मी त्यातलं बरोबर चित्र दाबलं, बोटानं इतकं जोरात दाबलं की ती म्हणाली, “आजोबा, फोन फुटेल.” त्या प्रश्नाचे पैकीच्या पैकी.

कार्ड हातात आलं त्याच दिवशी मी गिरगावला गेलो. मेव्हणा चाळीच्या गॅलरीत खुर्चीवर बसला होता, कुबडी मांडीवर आडवी. तो आता कधी चढणार नाही. मी कार्ड पुढे केलं. त्यानं फोटो बघितला, पाठ बघितली, परत दिलं.

“पट्टा लावलात?”

“लावला.”

मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो. “ऐक. त्या दिवशी मी बांबू वाजवले नव्हते. एकही नाही. वाजवले असते तर तो कळला असता. गाठ, पट्टा ते नंतरचं. तुला पाडलं ते मी तिथं.”

तो रस्त्याकडे बघत होता. कळवळून बोलला की तो मालवणीवर येतो. म्हणाला, “माका म्हायत होता.”

“काय माहीत होतं?”

“तीस वर्षां ऐकतंय मी तुमचो कोयतो. त्या दिवशी ऐकाक येवक नाय.”

“मग चढलास कशाला रे? बोलायचं होतंस!”

“तुम्ही मारल्यावर बोललो असतो तर भ्यालो म्हणाला असतात. सगळ्यांसमोर.”

“म्हणालो असतो,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू.

तेव्हा त्यानं कुबडी उचलली आणि माझ्या खांद्यावर हाणली. मग दंडावर. लाकडी कुबडी, त्यात त्याच्या एका हाताचं बळ दोन हातांचं झालेलं. मी हात वर केला नाही. कार्ड खाली पडलं, गॅलरीच्या कठड्यातून खाली गेलं की काय कोण जाणे. आवाज ऐकून शेजारपाजारचे धावत आले, एकानं त्याचा हात धरायला बघितलं. “अरे काय चाललंय? कोण आहे हा म्हातारा?”

“कायएक नाय,” मेव्हणा म्हणाला. “माझे भावोजी आसत.” आणि हात सोडवून घेऊन आणखी एक मारली.